दोरी दोघींनी धरली होती

पनवेल,
ता. २२ जून १९५८

प्रिय गुणाबाई यांस,

सप्रेम जयभीम. आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. तुमची, दयारामभाऊंची आणि चि. जनीची खुशाली कळवावी.

तुमचा पत्ता ठाण्याच्या एस.टी.वरच्या एका कंडक्टरकडून मिळवला. तो तुमच्या भावाच्या, विठूभाऊंच्या, ओळखीचा निघाला. वडाळ्याच्या चाळीत खोलीला नंबर नाही, 'नळाजवळची खोली' असं लिहा म्हणाला, तसंच लिहिलं आहे. नळ दाराशी आहे हे ऐकून बरं वाटलं. इथे असताना चैत्र लागला की तुमच्या वस्तीतल्या विहिरीला खाडीचं पाणी लागायचं आणि डाळसुद्धा शिजायची नाही, ते आठवलं.

पत्र जनीच वाचून दाखवील हे मला ठाऊक आहे. माझ्या दुपारच्या वर्गात तुम्ही बाराखडी पुरी केलीत, जोडाक्षरांपर्यंत आलात, पण माझं अक्षर लागत नाही अशी तुमची तक्रार असायची. तेव्हा जनी, सावकाश वाच. आणि भुवईवरचे टाके सुकले का, ते तुझ्या हाताने मला लिही.

शाळा सुरू झाली. भामा सातवीत गेली. खिडकीजवळची जनीची जागा अजून कुणी घेतलेली नाही, आणि हजेरीत तिचं नाव अजून येतं म्हणे. मुली गप्प बसतात आणि बाई पुढचं नाव घेतात. सासूबाईंचे गुडघे तसेच. भामाचे वडील कचेरीतून येतात, जेवतात, वर्तमानपत्र उघडून बसतात. दोन-दोन तास एकच पान उघडं असतं. महिला मंडळाच्या दोन सभा झाल्या. साप्ताहिकातलं माझं 'घरातली शाळा' हे सदर चालू आहे. मुलांच्या मनात भेदभाव रुजू नये म्हणून आयांनी काय करावं, ते मी दर शनिवारी जगाला सांगत असते.

चिंचआळीच्या विहिरीवरची पाटी अजून जागेवर आहे. 'सार्वजनिक विहीर. सर्व जातींस खुली.' ती पाटी लागावी म्हणून मी दारोदार सह्या गोळा केल्या, आठवतं ना? आळीतल्या बायकांनी मुकाट्याने सह्या केल्या. पाटी लागली तरी वस्तीतलं कुणी पाण्याला येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं बहुतेक. पाटी वाचून ती खरी मानणाऱ्या आपल्या दोघी मुलीच निघाल्या.

ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दोघी माजघरात गणितं सोडवत बसल्या होत्या. सासूबाईंचा डोळा लागला होता. मी मंडळाचं इतिवृत्त लिहीत होते. परत आल्या तेव्हा दोघींचे परकर ओले आणि जनीच्या काखेत भरलेली कळशी. "आई, आम्ही चिंचआळीचं पाणी काढलं!" भामा ओरडली. मी दोघींना पोटाशी धरलं. आपल्या हातून आयुष्यात काहीतरी चांगलं घडलं असं मला त्या दिवशी वाटलं, गुणाबाई. 

मी लेख लिहिला तो त्याच भरात. हेतू वाईट नव्हता, एवढं तरी तुम्ही मानाल.

पुढचं लिहीत नाही. तुम्ही ते सोसलंय. लेख छापून आला आणि चौथ्या दिवशी दाजींच्या गिरणीतल्या काशिराम मुकादमाने जनीला बंदराच्या रस्त्यावर गाठून दोरीने मारलं. दाजींनी गिरणीतलं तेलाचं इंजिन लावून ऐन मे महिन्यात विहीर उपसली, तीत गोमूत्र ओतलं, आणि पुढे दोन दिवस सगळी आळी पाण्यासाठी ओरडत बसली. दयारामभाऊंचं गिरणीतलं काम त्याच दिवशी गेलं. दाजी माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, आम्ही राहतो ते घर त्यांचं. तुम्हाला माहीतच आहे सगळं, तरी लिहून बसले.

भामा बरी आहे. हल्ली फार आज्ञाधारक झाली आहे, सांगितलं ते लगेच करते. विहिरीच्या चौकशीच्या दिवशी ती जे बोलली ते मनात धरू नका. अकरा वर्षांचं पोर, समोर फौजदार, ओट्यावर दाजी, भोवती सगळी आळी. पोर घाबरलं.

तुमचा निळ्या फुलांचा कप फडताळात तसाच आहे. मी कुणाला त्याला हात लावू देत नाही. तुम्ही आलात की त्यातच चहा देईन.

उत्तराची वाट पाहते.

तुमची बहीण,
चंद्रावती


पनवेल,
ता. ७ सप्टेंबर १९५८

प्रिय गुणाबाई,

सप्रेम जयभीम. जूनमधलं पत्र पोचलं असेल असं धरून चालते. उत्तर आलं नाही. कंडक्टर म्हणतो, पत्र त्याने स्वतः विठूभाऊंच्या हातात दिलं.

मी रागावले आहे असं समजू नका. म्हणजे, थोडी रागावले होते. तुमच्यासाठी मी आळीत वाईटपणा घेतला. सासूबाई दोन महिने माझ्या हातचं जेवल्या नाहीत. हळदीकुंकवाला मला बोलावणं येईनासं झालं. एक ओळ लिहायला काय हरकत होती, असं मनात आलं. मग फडताळ उघडलं, तो कप पाहिला आणि पुन्हा बंद केलं.

एक गोष्ट गेल्या पत्रात लिहायची राहिली. राहिली म्हणजे मी टाळली. लेख देण्याआधी मी तुम्हाला तो मागच्या दारी वाचून दाखवला होता. तुम्ही पदराने तोंड पुसत शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "ताई, लिवा. पन पोरीचं नाव नका घालू. तुमी लिवून घरात बसाल, आमाला त्याच रस्त्यानं जायाचं हाय."

मी हसले होते. ही भीतीच मोडायची आहे, असं मी तुम्हाला समजावलं. तुम्ही पुढे काही बोलला नाहीत. तुमचं गप्प बसणं म्हणजे होकार असं मी धरलं आणि जनीचं पूर्ण नाव, बापाचं नाव, वस्तीचं नाव, सगळं घातलं. नावाशिवाय लेखाला वजन येत नाही, असं माझं मत होतं. कुणी पाहिलं नव्हतं हो त्या दोघींना. भर दुपारी आळीत चिटपाखरू नव्हतं. जगाला कळलं ते माझ्या लेखणीमुळे.

हे लिहून टाकल्याने बरं वाटेल असा अंदाज होता. तो चुकला.

इकडची बातमी म्हणजे गेल्या रविवारी तालुक्याच्या शिक्षकांची सभा झाली. 'बालमनावर समतेचे संस्कार' यावर माझं भाषण ठेवलं होतं. मी केलं. हार घातला, नारळ दिला. भामाचंही पाच मिनिटांचं भाषण झालं, मीच लिहून दिलेलं. एका शब्दाला अडली नाही. हात कुठे उंचवायचा, कुठे थांबायचं, सगळं सांगितल्याबरहुकूम. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पहिल्या रांगेत दाजी बसले होते, त्यांनीही वाजवल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. 

जनीचं शाळेत नाव घातलं का? एवढं तरी कळवा.

तुमची,
चंद्रावती


पनवेल,
ता. ३० नोव्हेंबर १९५८

गुणाबाई,

नमस्कार. जनीचं कार्ड मिळालं. आठ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि उठते.

कार्डावर चार ओळी आहेत. 'मी शाळेत जाते. टाके सुकले. आईने विचारलंय, भामा कशी आहे? मी तिच्यावर रागावले नाही, ती घाबरली असेल.' अक्षर सुरेख आहे पोरीचं, रेघा न मारता सरळ.

तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या खाल्ल्या असत्या. तुम्ही भामाची चौकशी केलीत, त्याला मी काय करू? आता खरं सांगण्यावाचून माझी सुटका नाही. जनी, तू वाचते आहेस ना? थांबू नकोस. आईला एकही शब्द न गाळता वाचून दाखव.

भामा घाबरली नव्हती.

चौकशीच्या आदल्या दिवशी दाजी आमच्याकडे आले. झोपाळ्यावर बसले, सुपारी कातरली. मला म्हणाले, "सूनबाई, लेख लिही, सभा घे, मी कधी आड आलो? पण कायदा आता सरकारचा आहे. तुझी पोर बोलली की त्या मुलीने पाणी काढलं, तर विहीर बाटली म्हणून उपसली हे शाबीत होतं, आणि मी तुरुंगात जातो. तेव्हा पोरीला समजाव. दयारामला मी कामावर परत घेतो, शब्द देतो." घराबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त जाताना वर आढ्याकडे बघून म्हणाले, "यंदा कौलं चाळायला हवीत." भामाच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना काय हवं होतं ते कळलं मला.

सकाळी मी भामाला स्वयंपाकघरात घेतलं आणि दार लावलं. तिला सांगितलं, फौजदाराने विचारलं तर म्हणायचं, 'पाणी मीच काढलं. जनी लांब उभी होती. कळशीसुद्धा मीच भरून दिली.'

ती म्हणाली, "पण आई, दोरी दोघींनी धरली होती. पोहरा मला एकटीला ओढवत नाही."

मी म्हटलं, "अशाने जनीच्या बाबांचं काम परत मिळेल. तुला ते हवंय ना?"

"मग खरं बोलून का नाही मिळत?"

 आठवड्याला एक लेख पाडणारी बाई मी. मी तिचा दंड घट्ट धरला आणि चार वेळा ते वाक्य म्हणवून घेतलं. चौथ्या वेळी ती न अडखळता म्हणाली तेव्हा तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो तिने खाल्ला नाही. मुंग्या लागलेला मला नंतर खिडकीत सापडला.

ओट्यावर काय झालं ते तुम्ही पाहिलंत. पण तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभ्या होतात, म्हणून एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल. जनीने सगळं नीट सांगितलं. मग फौजदाराने भामाला विचारलं आणि भामाने माझं वाक्य म्हटलं. तेव्हा जनी तिच्यासमोर जाऊन म्हणाली, "भामा, आपन दोघींनी रस्सी धरली व्हती ना?" भामाने माझ्याकडे पाहिलं. तिला फक्त एक खूण हवी होती, गुणाबाई. मी नुसती मान हलवली असती तरी ती खरं बोलली असती. मी पदराचं टोक बघत उभी राहिले. मग तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, अगदी त्याच सुरात.

त्यानंतर फौजदार माझ्याकडे वळला. "मग बाई, तुमच्या लेखात तर दोघींनी पाणी काढलं असं आहे?" आणि मी म्हणाले, "लेखात थोडं रंगवून लिहावं लागतं."

लोक हसले. फौजदारही हसला. "पोरगी खोटारडी दिसते," असं जनीकडे बोट दाखवून म्हणाला आणि कागद गुंडाळले. तुम्ही जनीचा हात धरून निघालात. माझ्यासमोरून गेलात, एका हाताच्या अंतरावरून. मी हाक मारली नाही.

दाजींनी दयारामभाऊंना परत घेतलं नाही. "मी विचार करतो असं म्हणालो होतो," असं आता म्हणतात. ते घेणार नाहीत हे मला त्यांच्या झोपाळ्याच्या पहिल्या झोक्यालाच कळलं होतं. कामाचं मी स्वतःला सांगितलेलं निमित्त होतं. मला माझं घर वाचवायचं होतं. आणि ते वाचवून वर जूनमध्ये तुम्हाला लिहिलं की पोर घाबरलं. आपलं पाप अकरा वर्षांच्या पोरीच्या माथी मारलं. या सगळ्यातलं तेच मला सर्वांत किळसवाणं वाटतं.

आता भामा कशी आहे ते सांगते. तुम्ही विचारलंत म्हणून.

भामाला हल्ली स्वतःचं मत नाही. आज भाजी कोणती करू, असं विचारलं तर म्हणते, "तू सांग." शाळेत बाईंनी 'माझी मैत्रीण' हा निबंध घातला, तर घरी येऊन मला विचारते, "मैत्रीण कोण लिहू?" गेल्या महिन्यात नेरे गावाकडची एक नवीन मुलगी वर्गात आली. तुमच्याच समाजातली. तिच्या शेजारच्या मुलींनी बसकरं ओढून घेतली. भामानेही घेतलं. मला हे दुसऱ्या मुलीच्या आईकडून कळलं. मी भामाला जाब विचारला तर शांतपणे म्हणाली, "सगळ्या सरकल्या. नको होतं का सरकायला? तसं सांगायचं ना आधी." तिच्या आवाजात ना राग होता ना लाज. मी तिला मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. कुठल्या तोंडाने मारणार होते?

सासूबाईंबरोबर सोवळ्यात स्वयंपाकाला मदत करते. आळी म्हणते, चंद्रावतीची पोर आता वळणावर आली.

सहा महिन्यांत ती आपण होऊन एकदाच बोलली. दिवाळीत फडताळ पुसत होती. तुमचा निळ्या फुलांचा कप हातात घेऊन म्हणाली, "आई, हा इतका छान कप आपण कधीच का वापरला नाही?"

मी म्हटलं, "तो गुणाबाईंचा आहे. आपल्याकडचा सर्वांत चांगला कप मी त्यांच्यासाठी ठेवलाय."

"हो, पण त्यातून दुसरं कुणी कधी प्यालं का?" एवढंच म्हणून तिने तो होता तिथे ठेवला.

सहा वर्षं तुम्ही त्या कपातून चहा प्यालात. मी तुमच्याशेजारी बसून, तुमच्याबरोबर प्याले आणि लेखात तसं लिहिलंही. आमच्या घरात तुमचा कप वेगळा होता हे माझ्या पोरीला दिसलं. तुम्हाला पहिल्या दिवसापासून दिसलं असणार. तुम्ही कधी काही बोलला नाहीत, उलट जाताना तो स्वतः विसळून पालथा घालून जायचात. शपथेवर सांगते, मी मुद्दाम केलं नव्हतं. पण मुद्दाम न करता हातून झालं, यात माझी बाजू कुठे सुधारते?

परवा मी त्यातून चहा घ्यायचा ठरवलं. ओतला. ओठापर्यंत नेला आणि मनात आलं, आता हेही कुणाला दाखवायला चालू आहे का? चहा तसाच गार झाला. मोरीत ओतला.

'घरातली शाळा' मी बंद केलं. शेवटचा लेख म्हणून चौकशीच्या सकाळची हकिगत लिहून दिली, वर लिहिलं ती सगळी, माझ्या नावानिशी. जनीचं नाव घातलं नाही. संपादकांनी दुसऱ्या दिवशी लेख परत आणून दिला. म्हणाले, "ताई, घरातली भांडणं छापण्याचं हे ठिकाण नव्हे." मग तो घेऊन फौजदार कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने प्रकरण निकाली निघालंय असं सांगून मला बाकावर बसवलं आणि भामाच्या वडिलांना निरोप पाठवला. ते येऊन मला घरी घेऊन आले.  आता आळीत बोललं जातं की माझं डोकं फिरलंय. त्याचा दाजींना उपयोगच झाला. घर मात्र सुटलं नाही. कौलं चाळून झाली, गळत नाही.

म्हणजे खरं सांगायचं ठिकाण मला आता तुम्हा दोघींशिवाय दुसरं उरलेलं नाही. तुम्हाला ते सांगून तुमच्या पदरात काही पडत नाही, हेही कळतं. क्षमा मागत नाही. तुम्ही ती द्याल, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि ती घेऊन मी पुन्हा चारचौघांत वावरू लागेन.

जनी, तू खोटं बोलली नव्हतीस. दोरी दोघींनी धरली होती. हा कागद जपून ठेव. पुढेमागे कुणी विचारलं तर दाखव. खाली माझी सही आहे. आणि भामावर रागावली नाहीस ते बरं केलंस. पण ती घाबरली असेल असं पुन्हा लिहू नकोस. तिला खरं बोलायचं होतं.

आत्ता दुपार आहे. भामा समोर बसून गणितं सोडवते आहे. पत्र संपत आलं तेव्हा तिला म्हटलं, "जनीला दोन ओळी लिही. तुझ्या मनातलं, काय वाटेल ते." तिने वही मिटली, माझ्या हातातलं पेन घेतलं, कागद आपल्याकडे ओढून सरळ केला.  मला वाटलं, आता लिहिते. मग मान वर करून अगदी सौम्यपणे म्हणाली,

"काय लिहू ते सांग ना."

मी सांगितलं नाही. खालची जागा तिच्यासाठी कोरी सोडली आहे.

चंद्रावती